सेल्स डायरेक्टर नक्की करतो तरी काय?

प्लेसमेंटचा सीझन आला की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सेल्सची पोस्ट आहे रे, कोअर नाही." मग तो फॉर्म कोणी भरत नाही, आणि भरलाच तर रूममेटला सांगत नाही. चार वर्षं थर्मो आणि फ्लुइड घासून शेवटी बॅग घेऊन फिरायचं का, हा सगळ्यांचा सवाल. पण वीस-पंचवीस वर्षांनी त्याच रांगेतला एखादा जण सेल्स अँड मार्केटिंग डायरेक्टर होतो. त्याचं काम काय असतं, हे आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. सेल्स म्हणजे तयार झालेला माल विकून पैसे वसूल करणं. मार्केटिंगचं काम त्याआधी सुरू होतं: काय बनवायचं, कोणासाठी, किती किमतीला, कुठे मिळेल आणि लोकांना ते कसं कळेल. मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० मध्ये याचेच 'फोर पी' केले, जे एमबीएवाले पाढ्यांसारखे पाठ करतात. या दोन खात्यांचं सहसा पटत नाही. सेल्सवाल्याला आज डिस्काउंट देऊन ऑर्डर हवी असते, मार्केटिंगवाला म्हणतो, भाव एकदा पाडला की पुन्हा चढत नाही. दोघांचंही खरं असतं. त्यातून निर्णय घ्यायचा आणि तो दोघांना पाळायला लावायचा, ही डायरेक्टरची पहिली जबाबदारी.

दुसरी जबाबदारी आपल्या ओळखीच्या उदाहरणातून बघू. समजा, एका शेतकऱ्याला विहिरीसाठी पंप हवाय. विहीर किती खोल, पाइपलाइन किती लांब, हे काही न विचारता डीलरने जास्त हेडचा पंप त्याच्या गळ्यात मारला. आता लॅबमध्ये काढलेला कॅरॅक्टरिस्टिक कर्व्ह आठवा. सेंट्रिफ्युगल पंप डिझाइनपेक्षा बऱ्याच कमी हेडवर चालवला की डिस्चार्ज वाढतो, मोटर जास्त पॉवर खेचते आणि ओव्हरलोड होते. ऐन एप्रिलमध्ये वाइंडिंग जळतं. शेतकऱ्याचं पीक जातं, तो डीलरच्या दुकानात येऊन भांडतो, डीलर कंपनीचे पैसे अडवतो. कागदावर मात्र त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण झालेलं असतं! असा आकडा बघून जो खूश होतो तो डायरेक्टर कामाचा नाही. डीलरच्या माणसांना आधी हेड विचारायला शिकवणं हे त्याचंच काम, आणि ते काम इंजिनिअरला जास्त चांगलं जमतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च एंडचंही तसंच. कंपनीने डीलरला विकलं ती प्रायमरी सेल, डीलरने पुढे विकलं ती सेकंडरी. टार्गेटसाठी ३१ मार्चला गोडाऊनमध्ये माल कोंबला तर प्रायमरी छान दिसते, पण एप्रिल-मे कोरडे जातात आणि उधारी वाढत राहते. म्हणून या पदावरच्या माणसाला बॅलन्स शीट वाचता यायलाच हवी. उरलेल्या गोष्टी, म्हणजे बजेट, भरती, जाहिरात एजन्सी, मोठ्या गिऱ्हाइकांच्या भेटी, या ओघाने येतातच.

आता आपल्याकडचीच एक गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. नांगरात दोष नव्हता, तरी तो पडून राहिला. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि जाहिरात-विक्रीची बाजू त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर बघू लागले. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायची, हा मूळ हेतू. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि घराघरांत गेलं. शंकरराव मुळात चित्रकार होते, हे मुद्दाम सांगतोय. आधी वाचणाऱ्याशी ओळख, मग माल, हे त्यांना मार्केटिंगचं पुस्तक न वाचता कळलं होतं.

उलटं उदाहरण नॅनोचं. ६२३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, एक लाखाचं टार्गेट, इंजिनिअरिंग म्हणून कौतुक करावं असंच. २००९ मध्ये ती विक्रीला आली आणि 'सर्वांत स्वस्त गाडी' हेच तिचं नाव पडलं. गाडी घेणाऱ्याला ती शेजाऱ्याला दाखवायचीही असते! स्वस्त म्हणून मार्केटिंग झालं हे चुकलं, असं पुढे खुद्द रतन टाटा जाहीरपणे म्हणाले. सिंगूरचा वाद, आगीच्या घटना ही कारणंही होतीच. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.

क्वालिफिकेशनचं म्हणाल तर जाहिरातीत साधारण बी.ई. आणि एमबीए, पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असं मागतात. रस्ता ठरलेला: सेल्स इंजिनिअर, एरिया मॅनेजर, रीजनल मॅनेजर, नॅशनल हेड. यातली पहिली पाच-सहा वर्षं एसटी, लॉज आणि वडापाव यांत जातात, त्याला शॉर्टकट दिसत नाही. भाषा मात्र लागतात. कॉन्व्हेंटचं फाडफाड इंग्लिश बोर्डरूममध्ये चालेल, सांगलीच्या डीलरसमोर नाही.

कायद्याचं वेगळंच. कार्डावर डायरेक्टर छापलं म्हणजे माणूस बोर्डावर असतो असं नाही. खरा डायरेक्टर व्हायला डीआयएन नंबर लागतो, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात त्यासाठी कुठलीही डिग्री सांगितलेली नाही. दिवाळखोर नको, कोर्टाने सहा महिने किंवा जास्त शिक्षा दिली असेल तर ती संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात. पूर्णवेळ डायरेक्टरचं वय किमान २१ हवं, सत्तरीनंतर नेमायचं तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे एटीकेटीवाल्यांनाही कायद्याची आडकाठी नाही, आणि माझं फक्त एक वर्ष कमी पडतंय.