तवा तापेपर्यंत

ऑन-कॉलचा आठवडा चालू असेल तेव्हा बायसनच्या वाटेला जाऊ नकोस, हे आधी ऐकून घे. मध्येच फोन वाजला आणि तू लॅपटॉपकडे पळालास, तर तेवढ्या वेळात महागाचं मांस वाया जाईल. ड्युटी दुसऱ्याच्या हवाली केलीस की त्या संध्याकाळी कर. दमून आल्यावर स्वयंपाक कसला करायचा, असं तुला वाटेल. पण डोकं दमलेलं असतं तेव्हा हाताला काम दिलेलं बरं. सोफ्यावर आडवं पडून फोन चाळत बसलं की ऑफिसच घोळत राहतं. तापलेल्या तव्यापुढे ते होत नाही. नाक, कान, डोळे सगळे तिकडे लागतात, आणि मीटिंगमध्ये कोण काय बोललं याला जागाच उरत नाही. डेन्व्हरमध्ये आल्यापासून मला याचा फार आधार झालाय, म्हणून आत्या या नात्यानं सांगते.

बायसन खाल्लं हे घरी फोनवर सांगशील तेव्हा मात्र नीट सांग. आपल्याकडे कोल्हापुरात बायसन म्हटलं की राधानगरी-दाजीपूरचा गवा डोळ्यांपुढे येतो. तो वेगळा प्राणी, आणि कायद्यानं त्याची शिकार बंद आहे. इथला बायसन म्हणजे या गवताळ माळाचा मालक. एकेकाळी कोट्यवधी होते. 19व्या शतकात गोऱ्या शिकाऱ्यांनी कातडीसाठी इतके मारले की 1889च्या सुमारास हजाराच्या आसपास उरले होते. त्यांच्यावर जगणाऱ्या लकोटा, शायान अशा लोकांची उपासमार झाली. आता बाजारात येतं ते पाळलेल्या कळपांचं मांस, आणि या जनावरांना वाढीसाठी हार्मोन देण्याची परवानगी नाही. पुढच्या वेळी आय-70 वरून डोंगरात जाशील तेव्हा जेनेसीपाशी उजवीकडे-डावीकडे बघ, डेन्व्हर शहराचा स्वतःचा कळप चरताना दिसतो. 2021पासून त्यातली जादा जनावरं मूळनिवासी जमातींना परत दिली जातायत. हे माहीत असलं की माणूस ताटात टाकून उठत नाही.

आता मांसाकडे वळू. आपल्या कोल्हापुरी हाताला मटणाची सवय. मंद आचेवर, झाकण ठेवून, हाडापासून सुटेपर्यंत. ती सवय इथे पार सोडून द्यायची. बायसनच्या स्टेकमध्ये चरबीचे धागे जवळजवळ नसतातच. गोमांसाच्या स्टेकला चरबी सांभाळून घेते, याला सांभाळणारं कुणी नाही. थोडं जास्त झालं की चामडं. म्हणून आच मध्यमाच्या जरा वर, आणि वेळ कमी. झाकण नको. पाण्याचा हबका तर अजिबात नको.

बहुतेक वेळा मांस गोठवलेलंच मिळतं. आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून सुटू दे. ओट्यावर उघडं ठेवून किंवा गरम पाण्यात घालून घाई करू नकोस. पहिल्या खेपेला सरलॉइन आण, इंचभर जाडीचं. टेंडरलॉइन महाग, आणि त्याला मुरवायची गरजही नाही. फ्लँक स्वस्त असतं, मुरवल्यावर छान लागतं, फक्त कापायला हात हवा.

मुरवण सकाळी लाव. कामाला बसण्याआधी दहा मिनिटं पुरतात, आणि दिवसभर फ्रीजमध्ये आपलं काहीतरी चांगलं तयार होतंय ही जाणीव सोबत राहते. मला तर ताण उतरायला तिथूनच सुरुवात होते. दोन स्टेकना दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल, एक मोठा चमचा कोकमाचं आगळ, चार पाकळ्या लसूण ठेचून, एक छोटा चमचा मिरी आणि तेवढेच धणे खलबत्त्यात भरड कुटून, सुपारीएवढा गुळाचा खडा किसून. खलबत्ताच घे, मिक्सर नको. धणे फुटतात तेव्हा जो वास येतो तो तुझ्यासाठीच आहे, तो मिक्सरच्या भांड्यात कोंडून काय मिळवणार? मीठ बेतानं, कारण आगळात मीठ असतंच. आगळाचा थेंब जिभेवर ठेवून बघ आणि मग ठरव. इंडियन ग्रोसरीत आगळ मिळालं नाही तर साधी आमसुलं गरम पाण्यात भिजवून कोळून घे.

आंबटपणा मांसात फार खोल जात नाही, वरच्या थरातच काम करतो. आत पोचतं ते मीठ. त्यामुळे आंबट जास्त घातलं म्हणजे मऊ होईल हा समज काढून टाक. लिंबाच्या रसात दिवसभर ठेवलंस तर वरचा थर पांढुरका आणि भुगभुशीत होतो. आगळ अगदी थोडंच आहे, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. आणि कच्ची पपई लावायचा मोह होईल, आपल्याकडे मटणाला लावतात ना. इथे नको. पपईनं मांस नुसतं मऊ होत नाही, लिबलिबीत होतं. गोडा मसाला, कांदा-लसूण चटणी यांनाही आज सुट्टी. बायसनला स्वतःची एक गोडसर चव आहे, ती मसाल्याखाली पुरायची असेल तर एवढे पैसे घालायचे कशाला?

संध्याकाळी आलास की आधी हातपाय धू, कपडे बदल, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. स्टेक बाहेर काढ आणि त्यावरचे लसणाचे तुकडे बोटांनी निपटून टाक, ते तव्यावर जळतात आणि कडू होतात. मग कागदी टॉवेलनं दोन्ही बाजू कोरड्या कर. एवढं मुरवून पुसायचं कशाला, असं वाटेल. पण ओलं मांस तव्यावर पडलं की भाजत नाही, वाफाळतं, आणि राखाडी होतं. उरलेली मुरवण फेकून दे. कच्च्या मांसाची ताटली आणि सुरी लगेच साबणानं धुऊन टाक.

बिडाचा तवा हवा. नॉनस्टिकवर हे काम करू नकोस. मध्यमाच्या जरा वरच्या आचेवर तवा चार-पाच मिनिटं नुसता तापू दे. हीच ती वेळ. काही करू नकोस. खिडकी उघड, पंखा लाव, नाहीतर स्मोक अलार्म वाजेल. ओट्याला हात टेकून उभा राहा आणि श्वास सोड. माझा अनुभव असा की दिवसाचा शीण इथे उतरतो, खाताना नाही. तव्यावर हात धरला आणि तो चटकन मागे घ्यावासा वाटला की तवा तयार. तेलाचा हलका हात मांसालाच लाव, तव्यात ओतू नकोस.

मांस ठेवलंस की चर्र आवाज यायला हवा. आवाज मऊ असेल तर उचलून घे आणि तवा अजून तापव. एकदा ठेवलं की हलवायचं नाही, दाबायचं नाही, कोपरा उचलून बघायचं नाही. सुरुवातीला चिकटलेलं असतं, खालची बाजू नीट भाजली की आपोआप सुटतं. सुटलं की उलटव. इंचभर जाडीला एका बाजूला साधारण तीन मिनिटं, पण घड्याळावर विसंबू नकोस, कानावर विसंब. चरचर टोकदार होऊन तडतड व्हायला लागली की आच कमी कर.

आणि थर्मामीटर घे. बायसनचं मांस मुळातच गडद लाल, त्यामुळे रंगावरून अंदाज चुकतो. सुई बाजूनं, बरोबर मध्यापर्यंत घाल. इथलं कृषिखातं सांगतं 145 अंश फॅरेनहाइट आणि वर तीन मिनिटं विश्रांती. घरात म्हातारं माणूस, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेच पाळ, त्यात तडजोड नाही. एरवी तव्यावरून 140ला उतरवलंस तरी विसाव्यात पाचेक अंश चढतात, मात्र सुई पुन्हा घालून खात्री कर. पुष्कळ लोक 130लाच उतरवतात, मांस जास्त रसाळ राहतं हे खरं, पण ती जोखीम त्यांनी समजून घेतलेली असते. 150च्या पुढे मात्र जाऊ देऊ नकोस. आणि खिम्याचं गणित वेगळं, बायसनचा खिमा 160पर्यंत शिजलाच पाहिजे.

उतरवलं की कोमट ताटलीत ठेव, वर फॉइल सैल टाक. पाच ते सात मिनिटं हात लावायचा नाही. त्याच तव्यात कांद्याच्या जाड चकत्या टाक, तळाशी लागलेलं सगळं त्या उचलून घेतात. कापताना मांसाच्या रेषा कुठे धावतायत ते बघ आणि त्यांना आडवी सुरी चालव, पातळ. फ्लँक घेतलं असशील तर सुरी जरा तिरकी धर. रेषेच्या दिशेनं कापलेलं फ्लँक कितीही चांगलं शिजलेलं असो, चावत बसावं लागतं.

बायको खात नसेल तर तिला आग्रह करू नकोस आणि वादही घालू नकोस. तिच्यासाठी मोठी अळंबी त्याच मुरवणीत, पण वेगळ्या वाटीत, सकाळीच लावून ठेव आणि वेगळ्या तव्यावर भाज. तुम्ही दोघं एकाच वेळी ताटावर बसलात तरच त्या संध्याकाळचा उपयोग.

बरोबर ज्वारीची भाकरी उत्तम जाते, काकडीची कोशिंबीर आणि कांदा पुरे. उरलं तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस, गारच पातळ काप, वर लिंबू पिळ आणि भाकरीत गुंडाळून डब्यात ने.