उष्णतेने जागी होणारी धातूची स्मृती

दूरच्या ग्रहाकडे निघालेले अवकाशयान एकदा पृथ्वीपासून दुरावले की त्यातील बिघाड दुरुस्त करण्यास कोणीही तेथे जाऊ शकत नाही. उपकरणावरील एखादे झाकण उघडले नाही, एवढ्या क्षुल्लक कारणानेही अनेक वर्षांचे परिश्रम व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून यानावरील हालणारे भाग संख्येने थोडे, वजनाने हलके आणि रचनेने साधे असावेत, असा अभियंत्यांचा कटाक्ष असतो. विजेच्या मोटारीस दंतचक्रे, बेअरिंग व वंगण लागते. निर्वात पोकळीत साध्या वंगणाची वाफ होते आणि ती थंड भिंगांवर साचू शकते. यानाचे भाग मोकळे करण्यासाठी स्फोटक बोल्ट वापरले, तर नाजूक उपकरणांना हादरा बसतो. शिवाय जो बोल्ट चाचणीत उडविला, तो यानावर बसविता येत नाही. या अडचणींवरील एक उपाय म्हणजे आकारस्मृती मिश्रधातू होय.

धातूची ‘आठवण’

निकेल व टायटॅनियम यांच्या जवळजवळ समसमान अणूंपासून बनलेला ‘निटिनॉल’ हा या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध धातू आहे. १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे क्षेपणास्त्राच्या अग्रभागासाठी उष्णता सहन करणारा धातू शोधत होते. पुढे एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत असता डेव्हिड मझी यांनी तिला लायटरची ज्योत लावली आणि पट्टी पाहता पाहता सरळ झाली. दोन्ही धातू व ती प्रयोगशाळा यांच्या नावांतील अक्षरे जुळवून ‘निटिनॉल’ हे नाव तयार झाले.

या चमत्काराचे कारण स्फटिकरचनेत आहे. थंड स्थितीत या धातूतील अणूंचे थर सहज कलतात. मात्र अणूंचा शेजार सुटत नाही. त्यामुळे तार वाकविली किंवा ताणली, तरी ठराविक तापमानापलीकडे तापविताच अणू पूर्वीच्या मांडणीत परततात व तार मूळ आकार धारण करते. हे घडताना ती मोठे बल लावते. तारेतून वीजप्रवाह सोडला की ती स्वतःच तापते. निवाल्यावर विरुद्ध बाजूची स्प्रिंग तिला पुन्हा ताणते. अशा रीतीने एक तार व एक स्प्रिंग मोटारीचे काम करू शकतात.

बोल्ट तोडण्यासाठीही हाच गुण उपयोगी पडतो. दाबून आखूड केलेली धातूची नळी खाच पाडलेल्या बोल्टावर बसवितात. तापविल्यावर ती लांब होऊ लागते आणि बोल्ट खाचेपाशी तुटतो. १९९४ साली चंद्राकडे गेलेल्या अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाच्या सौरपट्ट्या याच पद्धतीने मोकळ्या करण्यात आल्या. ही नळी पुन्हा दाबून वापरता येत असल्याने तिची आधी चाचणी घेता येते.

मंगळावरील धुळीचे मोजमाप

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. त्यातील ‘सोजर्नर’ या सुमारे साडेदहा किलो वजनाच्या गाडीवर मोटार बसविण्यास जागा नसलेले एक लहानसे उपकरण होते. एका सौरघटावर काचेचे झाकण ठेवले होते. त्या काचेवर धूळ साचे. मग निटिनॉलची तार तापवून काच बाजूला सरकविली जाई. काचेसह आणि काचेवाचून मिळालेल्या विजेतील फरकावरून धुळीने किती प्रकाश अडविला, ते समजे. ही घट दररोज सुमारे ०.२८ टक्के असल्याचे आढळले. हा वेग कायम राहिला, तर शंभर दिवसांत सुमारे चौथा हिस्सा वीज कमी होईल.

या आकड्याचे मोल पुढील मोहिमांत दिसून आले. २००४ साली उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी गाडीच्या पट्ट्या वाऱ्याने वेळोवेळी स्वच्छ झाल्या व ती दीर्घकाळ टिकली. परंतु २०१८ च्या धुळीच्या वादळात तिच्याशी संपर्क तुटला. पट्ट्यांवर साचलेल्या धुळीमुळेच २०२२ च्या डिसेंबरमध्ये इनसाइट यानाचे कार्य संपले.

मर्यादा

या धातूच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पोकळीत उष्णता वाहून नेण्यास हवा नसल्याने तार सावकाश निवते. म्हणून जलद हालचालींसाठी ती योग्य नव्हे. निकेलचे प्रमाण अत्यल्प बदलले, तरी आकार परतण्याचे तापमान बरेच बदलते. उन्हाने तार अवेळी तापून झाकण उघडू नये, यासाठी हे तापमान विचारपूर्वक ठरवावे लागते. वारंवार वापरावयाची तार फार ताणूनही चालत नाही; अन्यथा तिची ‘आठवण’ क्षीण होत जाते.

तथापि, जेथे हालचाल थोडी, जागा अपुरी आणि चूक सुधारण्याची संधी नाही, तेथे हा धातू विश्वासू सहायक ठरतो. यंत्रातील भाग जितके कमी, तितकी बिघाडाची कारणेही कमी, हे तत्त्व सोजर्नरवरील त्या लहानशा तारेने मंगळाच्या भूमीवर सिद्ध केले.