कूड आणि खांब

कोल्हापूर,
१० मार्च

चि. सईस,


तुझं पत्र आणि सोबतचं चित्र मिळालं. चित्रातली शेड देखणी आहे. खिडकीत कुंडी, दारावर कंदील, बाजूला लिलीचा वाफा. पाऊस तेवढा कुठे दिसला नाही. चिपळूणला राहणाऱ्या मुलीनं पाऊस विसरून चित्र काढावं याचं आधी हसू आलं. मग म्हटलं, मार्चात कोकणात सगळ्यांनाच त्याचा विसर पडतो. मिरगाला अजून तीन महिने आहेत, तेव्हा आत्ताच लिहितो.

आधी मुख्य तक्रार. मालाखाली घालतात ती लाकडी पॅलेटं उभी करायची, एकमेकांना स्क्रूनं जोडायची आणि त्यांच्याच डोक्यावर पत्रा टाकायचा, असा तुझा बेत दिसतो. तसं करू नकोस. पॅलेट आडवं निजून भार घेतं. त्याच्यावर टनभर माल ठेव, खालून फोर्कलिफ्टचे दात घाल, ते कुरकुरणार नाही. तेच उभं केलंस की सगळा ताण फळ्या धरून ठेवणाऱ्या खिळ्यांवर येतो, आणि वारा बाजूनं ढकलू लागला की चौकोनाचा तिरपा चौकोन होतो. आजोळचं जुनं घर तुला आठवतं ना? आढं, तुळया, वासे हे सगळं खांबांच्या अंगावर होतं. मधला कारवीचा कूड नुसता आडोसा. एका वर्षी मागचा कूड पावसानं बसला, तर आजीनं तिथे झाप लावला आणि घरात काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं भात शिजवत बसली. पॅलेट म्हणजे तुझा कूड. खांब वेगळे घे.

खांबांसाठी नवं लाकूड विकत घेऊ नकोस. तुमच्याकडे दर उन्हाळ्यात एखादं जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधतात. ऐनाचे, किंजळाचे खांब आणि वासे तेव्हा स्वस्तात मिळतात. शंभर पावसाळे पाहिलेलं लाकूड पॅलेटच्या पाइनपेक्षा केव्हाही भरवशाचं. नाहीच मिळाले तर जीआय पाइप घे, मला त्यात कमीपणा वाटत नाही. सहा खांब पुरेत.

माप १० बाय १० काढलंयस. कशाला गं? खुरपी, कुदळ, पाइपाचं वेटोळं आणि खताच्या चार गोण्या एवढ्यासाठी आठ फूट बाय चार फूट पुष्कळ झालं. शिवाय हे माप पॅलेटलाच विचारून काढलंय. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट सर्रास मिळतं, म्हणजे जवळजवळ चार फूट बाय सव्वातीन. मागच्या भिंतीला चार, दोन्ही बाजूंना दोन-दोन, पुढे दाराशेजारी दोन आणि जमिनीला दोन. बाराच पॅलेटं, आणि एकही कापायचं नाही.

न कापण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. युरोपातलं १२०० बाय ८००चं ठरीव पॅलेट घे. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. पॅलेटचे खिळे बहुधा पिळाचे किंवा खाचांचे, सहज निघू नयेत म्हणूनच केलेले. जंबुरानं ओढलेस तर खिळा जागचा हलत नाही, फळी मात्र टोकाला चिरते. दारासाठी मात्र या बाराखेरीज एखाददुसरं मोडावंच लागेल. तेव्हा फळी आणि ठोकळा यांच्यामध्ये पटाशीनं किंचित फट कर, तिच्यात हॅक्सॉचं पातं घाल आणि खिळा आतच काप. डोकं फळीत राहतं, शेंडा ठोकळ्यात राहतो. राहू दे. फक्त रंधा मारण्याआधी त्या जागा खडूनं खुणव. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवताना किती रंध्यांची पाती अशा दडलेल्या खिळ्यांनी खाल्ली, त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

आता लाकूड कुठून आणतेस ते. लोट्याच्या भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळतंय, असं लिहिलंयस. लोटे-परशुराम ही रसायनांची वसाहत आहे. पॅलेट दिसायला स्वच्छ असेल, पण त्याच्यावर ड्रम ठेवला होता की पुठ्ठ्याची खोकी, हे विचारल्याशिवाय उचलू नकोस. भंगारवाला सांगेल ते ऐक, पण नाकावर जास्त विश्वास ठेव. गोल डाग, पांढरट पूड, उग्र वास, तेलकट काळेपणा यांतलं एकही दिसलं तर फुकट मिळालं तरी सोड. त्याच भिंतीला टेकून तू वालाचा वेल चढवणार आहेस. निळ्या रंगानं रंगवलेली पॅलेटंही घेऊ नकोस. ती बहुधा भाड्यानं फिरणारी असतात, मालकी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचीच राहते.

परदेशाहून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर एक जाळलेला किंवा छापलेला शिक्का असतो. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी 'एचटी' किंवा 'एमबी'. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला तापवून निदान ३० मिनिटं तसंच ठेवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. आपल्याला एचटी हवं, एमबी नको. शिक्क्याचा हा नियम २००२ साली आला, आणि त्याच्यामागे किड्यांची भीती होती. चीनमधल्या लांब मिशांच्या एका भुंग्यानं पॅकिंगच्या लाकडात बसून समुद्र ओलांडला, आणि १९९६ साली तो न्यूयॉर्कमधल्या झाडांत सापडला. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर हा शिक्का नसतो, त्यामुळे शिक्का नाही म्हणून ते वाईट ठरत नाही. तिथे मघाचं नाकच कामाला येतं.

पण एचटी वाचून निर्धास्त होऊ नकोस. तापवल्यानं तेव्हा आत असलेली कीड मेली, एवढंच. उद्या येणाऱ्या वाळवीला तो शिक्का वाचता येत नाही. मी २००९ साली कोंबड्यांचं खुराडं असंच पॅलेटचं केलं होतं, आणि घाईत त्याचे पाय सरळ मातीत पुरले. दिवाळीत झाडताना नुसता हात लागला तर एक पाय पापडासारखा मोडला. वरून रंग शाबूत, आत सगळी माती. तुझ्या मामीनं तो तुकडा पुढे कित्येक दिवस ओट्यावर ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

म्हणून खाली जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं घे, निदान दोन थर. लाकूड मातीला कुठेही शिवता कामा नये. जोत्यावर वाळवीची चिखलाची नळी चढताना दिसली की लगेच मोडता येते, मातीत गेलेल्या पायात ती दिसतच नाही. लाकडाला तुमच्याकडे मिळणारं काजूच्या टरफलांचं तेल लाव. होड्यांना लावतात तेच. हातमोजे घालून लाव, कातडीला लागलं तर फोड येतात. गॅरेजमधलं काळं जुनं ऑइल भाजीच्या वाफ्यापाशी नको, शेजारी कितीही म्हणोत.

जमिनीच्या पॅलेटखाली आणि भिंतींच्या दोन फळ्यांमध्ये पोकळी राहते. ती उंदरांना आवडते, आणि उंदरांमागे कोण येतं ते तुला सांगायला नको. शिवाय तुमच्या कातळावर फुरसं असतंच. खालच्या सगळ्या फटींना पाव इंची जाळी मार. भंगारवाल्याकडची थप्पी हलवतानाही आधी काठीनं ठोकून बघ, मगच हात घाल.

छप्पर एकाच बाजूला उतरतं कर आणि पाणी मागे सोड. मंगळुरी कौलं शोभतील हे मला कळतं, पण त्यांना उतार जास्त लागतो आणि वजनही पेलावं लागतं. पत्राच घाल. नैऋत्येच्या बाजूला तो दीड फूट पुढे काढ, कारण तुमच्याकडचा पाऊस सरळ पडतोच कुठे? झड आडवी येते आणि फळ्यांच्या फटींतून आत घुसते. त्या भिंतीला पावसाळ्यापुरते झाप बांध, दसऱ्याला सोड. पत्र्याला खिळे नकोत, हुक आणि वॉशर घाल, आणि वासे खांबांना पट्टीनं जखड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडे किती पत्रे आणि कौलं उडाली, ते तू पाहिलंयस.

दाराचं एक विसरलो. दार तू मे महिन्यात बसवशील. तेव्हा ते चौकटीत अगदी घट्ट, झकास बसेल आणि तू मला फोटो पाठवशील. लाकूड ओलाव्यानं लांबीत फुगत नाही, रुंदीत फुगतं. जुलैत ते दार उघडणार नाही आणि खुरपी आत राहील. दोन फळ्यांमध्ये नाण्याएवढी फट ठेव, आणि चौकटीपाशी बोटभर.

उरलेले तुकडे बंबात घालू नकोस. कशावर काय सांडलंय कोण जाणे, त्याचा धूर नको.

शनिवारी लोट्याला जाशील तेव्हा शिक्क्यांचे फोटो पाठव, मी बघून सांगतो. गुण्या आणि ओळंबा विकत घेऊ नकोस. माझा जुना पितळी ओळंबा आणि गुण्या उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. ओळंब्याची दोरी तेवढी नवी लाव.

तुझा,
दादामामा