कूलरची गाळणी आणि माझा शहाणपणा

भुसावळचा मे महिना कसा असतो हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे गेला की टेरेसवरच्या टाकीचं पाणी रात्री दहालाही हाताला चटका देतं. आणि नेमकी त्याच वेळी परीक्षा! अशा दिवसांत आपल्या सगळ्यांना आधार असतो तो एकाच जागेचा, रीडिंग हॉलचा. त्या हॉलला हवा देणारं जे धूड टेरेसवर बसवलंय, त्याच्याबद्दल हा लेख आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, मराठी म्हणजे माझ्यासाठी शंभर मार्कांचा एक पेपर होता. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. दुसरी एक चूक मात्र पोटात घालण्यासारखी नव्हती, ती पुढे सांगतो.

आधी यंत्राची ओळख. ह्याला डक्टेबल कूलर म्हणतात, कारखान्यांत ह्याच्याच मोठ्या भावाला एअर वॉशर म्हणतात. तत्त्व घरच्या कूलरचंच. आपल्या आजीच्या काळात दाराला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारायचे, तेच हे, फक्त मोटर लावून. बाहेरची हवा आधी फिल्टरच्या जाळीतून येते, मग ओल्या हनीकोम्ब पॅडमधून जाते, तिथे पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, आणि थंड झालेली हवा ब्लोअर डक्टमधून हॉलमध्ये ढकलतो. आपल्याकडे दोन फूट बाय दोन फुटांचे आठ फिल्टर आहेत, ब्लोअर ५ एचपीचा, आणि सगळं स्वच्छ असताना हवा ताशी साधारण १८,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर.

हवा किती थंड होणार हे वेट बल्ब तापमानावर ठरतं. समजा बाहेर ४४ अंश आहे आणि वेट बल्ब २४. फरक २० अंशांचा. पॅड चांगले असतील तर त्यातले ८० टक्के म्हणजे १६ अंश आपल्याला मिळतात, हॉलमध्ये २८ अंशांची हवा येते. पॅडवर क्षार बसून त्यांची कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली, तर तीच हवा ३४ अंशांची. वीज तेवढीच, पाणी चालूच, आणि सहा अंश गायब! म्हणूनच कूलर चालू आहे हे वाक्य मेंटेनन्सच्या भाषेत काहीच सांगत नाही.

आता माझा शहाणपणा. मागच्या मे महिन्यात पेपर सुरू व्हायच्या आठवडाभर आधी हॉलमधली हवा एकदम मंदावली. ग्रिलखाली बसलं तरी पानं हलेनात. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे पोरांनी मला पुढे केलं. मी लॅबमधून क्लॅम्प मीटर आणला, मोटरचा करंट मोजला. नेमप्लेटवर ७.२ अँपिअर, आणि मीटर दाखवतोय ४.३. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मोटर एकदम फिट आहे. उलट वीज वाचतेय." माझं लॉजिक असं, की वाटेत अडथळा असता तर मोटरला जास्त जोर लागला असता आणि करंट वाढला असता. ऐकायला किती बरोबर वाटतं ना?

मेंटेनन्स बघणारे काका बाजूला उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, मोटर कमी खाते म्हणजे ती उपाशी आहे. तिला हवाच भेटत नाही." मी हसलो. पुस्तक न वाचलेला माणूस पुस्तक वाचलेल्याला शिकवतोय, असं मनात आलं. हे लिहिताना आज लाज वाटते.

काका बरोबर होते. पंख्याचं काम हवा हलवणं, आणि काम तेवढीच वीज. फिल्टर तुंबला की ब्लोअरमधून हवाच कमी जाते. आपल्या ब्लोअरची पाती पुढे वळलेली आहेत, ज्याला फॉरवर्ड कर्व्ह्ड म्हणतात. ह्या प्रकारात हवा कमी झाली की मोटरवरचा भार कमी होतो आणि हवा वाढली की वाढतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करून पंप सुरू करायचा असतो, ते आपण हायड्रॉलिक्स लॅबमध्ये शिकलोच की. तीच गोष्ट इथे आहे, पण व्हायव्हाला पाठ केलेलं टेरेसवर आठवत नाही!

पुढचं त्याहून वाईट. फिल्टर काढून पाहिले तर काळ्या मातीने लिंपलेल्या भिंतीसारखे झालेले. मे महिन्यात आजूबाजूची कपाशीची शेतं नांगरून उघडी पडलेली असतात, वारा सुटला की तीच माती उडून येते. ते धुवायला, वाळवायला अख्खा दिवस गेला असता, तेवढा वेळ हॉल बंद. मी म्हणालो, "परीक्षेपुरते काढूनच टाकू या, नंतर लावू." काका नको म्हणत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हवा अशी सुटली की नोट्स उडायला लागल्या. मी दोन दिवस हिरो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओव्हरलोड रिले ट्रिप झाला. साहजिकच आहे, अडथळा नाहीसा झाला, हवा गरजेपेक्षा जास्त, मोटरचा भार नेमप्लेटच्या वर. आम्ही रिसेट करत राहिलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. हॉल भरलेला होता, दुसऱ्या दिवशी मॅथ्सचा पेपर. ग्रिलमधून बारीक मातीचा फवारा सरळ डोक्यावर. माझ्या रूम पार्टनरला लहानपणापासून दमा आहे. तो उठून दारापर्यंत गेला आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. पंप रूमवर राहिला होता. मी जिने कसे चढलो मला आठवत नाही. दोन पफ घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी त्याचा श्वास जागेवर आला. त्याने पेपर दिला, पासही झाला. पण त्या दहा मिनिटांत मला कळलं की फिल्टर ही मोटरची काळजी घेणारी वस्तू नाही, किंवा फक्त मोटरची नाही.

दुसऱ्या दिवशी पॅड पाहिले. माती आणि पाणी मिळून चिखल, तो हनीकोम्बच्या भोकांत जाऊन वाळलेला. खालच्या टाकीत चार बोटं गाळ. ब्लोअरच्या पात्यांवर एका बाजूला जास्त माती बसल्यामुळे तोल गेलेला, बेअरिंग गुरगुरत होतं. पॅड बदलावे लागले. फिल्टर धुवायला खर्च होता थोडा साबण आणि एक दिवस.

त्यानंतर मी आणि काका मिळून जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही.

फिल्टर कधी धुवायचा? कॅलेंडर बघून नाही. जुलैमध्ये दोन महिने चालेल, मेमध्ये आठ दिवसांत तुंबेल. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजायचा. ह्यासाठी विकतचे गेज मिळतात, पण आम्ही सलाईनची नळी वापरली. नळीला इंग्रजी यू आकार देऊन फळीवर बांधली, निळी शाई घातलेलं पाणी भरलं, शेजारी पट्टी चिकटवली. एक टोक उघडं, दुसरं फिल्टर आणि पॅड ह्यांच्या मधल्या जागेत. धुतलेल्या फिल्टरला फरक ४ मिलिमीटर, तुंबलेल्या फिल्टरला २२ मिलिमीटर. तेव्हा तुंबलेल्या अवस्थेत ग्रिलवर ॲनिमोमीटर धरून हवा मोजली तर ताशी ८,००० घनमीटर. म्हणजे करंट ६.६ वरून ४.३ वर आला, साधारण एक तृतीयांश कमी, पण हवा निम्म्याहून खाली. दर हजार घनमीटर हवेमागे ०.३७ अँपिअरच्या जागी ०.५४. पॉवर फॅक्टरचा हिशेब धरला तर फरक थोडा कमी होतो, पण दिशा तीच राहते. वीज वाचत नव्हती, हवा महाग झाली होती.

जिथे व्हीएफडी लावून हवा कायम ठेवली जाते तिथे हा खर्च उघड दिसतो. फिल्टरमुळे १५ मिलिमीटर जादा दाब, म्हणजे साधारण १४७ पास्कल, सेकंदाला ५ घनमीटर हवा आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली तर गणित सव्वा किलोवॅटचं येतं. रोज १० तास, १०० दिवस, म्हणजे सव्वाबाराशे युनिट, निव्वळ मातीपायी. आणि त्याच व्हीएफडीचा फायदाही आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून रात्री हॉल अर्धा रिकामा असताना वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज निम्म्याच्या आसपास येते. दीपनगरच्या बॉयलरला हवा देणाऱ्या अवाढव्य पंख्यांनाही हाच नियम, आपल्या टेबल फॅनलाही हाच.

फिल्टर धुताना हवा ज्या बाजूने येते त्याच्या उलट बाजूने पाणी मारायचं, नाहीतर माती आणखी आत रुतते. प्रेशर गन जवळून मारायची नाही, जाळी फाटते. सावलीत वाळवायचं. काका आता चार जादा फिल्टर तयार ठेवतात, म्हणजे चार धुतले तरी हॉल बंद पडत नाही. साधी गोष्ट आहे, पण मला ती सुचली नव्हती.

एक गंमत फ्रेमच्या फटीची. फिल्टरच्या जाळीसमोर हवेचा वेग सेकंदाला १.७ मीटर. पण ५ मिलिमीटर दाबाच्या फरकाने फ्रेमच्या फटीतून हवा आदर्श हिशेबाने ९ मीटरने घुसते! बोटभर फट म्हणजे मातीसाठी हायवे. गॅस्केट बसवल्याशिवाय भारी फिल्टर घेणं म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी उघडी. दुकानदार अजूनही १० मायक्रॉन, ५ मायक्रॉन एवढंच सांगतात. २०१६ पासून आयएसओ १६८९० हे मानक आहे, त्यात फिल्टर पीएम १०, पीएम २.५ आणि पीएम १ कण किती अडवतो त्यावर वर्ग ठरतो. खरेदी करताना तो वर्ग विचारावा.

पाण्याचं थोडक्यात. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड. म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. वाफ होते त्याच्या एक तृतीयांश सोडलं तर क्षारांचं प्रमाण मूळच्या चौपटीच्या वर जात नाही. सोडलेलं पाणी आम्ही हॉलमागच्या झाडांना वळवलंय. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणीच आवडतं. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अधिवेशनाला आलेले लोक न्यूमोनियासारख्या आजाराने दगावले, आणि पुढच्या वर्षी लिजनेला नावाचा जिवाणू सापडला, तो अशाच साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो.

आणि शेवटी खिडक्या. हे माझ्या हॉस्टेलच्या बांधवांसाठी! कूलर म्हणजे एसी नाही. तो सतत बाहेरची नवी हवा आत ढकलतो, तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. ग्रिलसमोरच्या भिंतीच्या खिडक्या तुम्ही थंडावा जाऊ नये म्हणून बंद करता, मग हॉलमध्ये दमटपणा साठतो, हवा यायची थांबते, आणि कूलर बिघडला म्हणून काकांच्या नावाने ओरड सुरू होते. त्या दोन खिडक्यांना आता आम्ही खिळा ठोकून उघड्याच ठेवल्यात. कृपया तो खिळा काढू नका.

सलाईनची नळी टेरेसच्या दाराआड आहे, शेजारी दोरीला वही आणि पेन. बारा मिलिमीटरला फिल्टर उतरवायचे असं ठरलंय. काल संध्याकाळचं रीडिंग ९ होतं, अक्षर काकांचं. माझा रूम पार्टनर ह्या वर्षी पुन्हा ग्रिलखालचीच जागा धरून बसलाय. पंप मात्र आता खिशात ठेवतो.