वृद्धापकाळचें अन्न

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील गंगापूर, वैजापूर, पैठण या भागांतील खेड्यांत फिरतांना एक उद्गार वारंवार आमच्या कानीं पडतो: "म्हाताऱ्या माणसाला लागतें काय? घोटभर चहा आणि कोरभर भाकरी!" या बोलण्यांत अर्धें सत्य आहे, पण उरलेल्या अर्ध्या असत्यानें पुष्कळ आजी-आजोबा अकालीं अंथरुणास खिळतात.

प्रथम सत्य पाहूं. शरीर ही एक चूल आहे व अन्न हें तिचें सरपण. मनुष्य निजला असतांही हृदय, फुप्फुसें व मेंदू यांचें काम चालूच असतें. म्हणून ही चूल अखंड पेटती ठेवावी लागते. अन्नापासून शक्ति मिळण्याच्या व शरीराची घडण होण्याच्या या व्यवहारास चयापचय म्हणतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत २९ देशांतील सुमारें ६,४०० माणसांच्या शक्तीचा खर्च पाहिला गेला. शरीराचें आकारमान जमेस धरलें असतां, विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ही चूल बहुतेक सारखीच जळते. साठीनंतर मात्र ती दरवर्षीं सुमारें ०.७ टक्के मंदावते, असें त्यांत आढळलें. शिवाय शेतांतील कष्टही सुटलेले असतात. तेव्हां पूर्वीपेक्षां थोडी कमी भाकरी पुरते, हें खरें.

आतां असत्य पाहूं. सरपण कमी लागूं लागलें म्हणून घराच्या भिंती लिंपणें कोणी सोडीत नाहीं. स्नायू व हाडें या शरीराच्या भिंती होत. वयोमानानें स्नायू झिजतात, आणि वृद्ध शरीरास अन्नांतील प्रथिनांचा उपयोग तरुणाइतका करतां येत नाहीं. म्हणून प्रथिनें कमी नव्हे, थोडीं अधिकच लागतात. वजनाच्या दर किलोमागें रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीस ५० ते ६० ग्रॅम, असा अनेक तज्ज्ञांचा सल्ला आहे. चहा-भाकरीनें हें भागत नाहीं. मग पाय लटपटतात, तोल जातो, आणि एका पडण्यानें हाड मोडतें.

उपाय घरांतच आहे. भाकरी कमी करा, पण उडदाचें किंवा मुगाचें घट्ट वरण दोन्ही वेळां वाटी भरून द्या. दांत नसल्यास भाकरी त्यांत कुस्करावी. दूध, दहीं, अंडें, शेंगदाण्याचें कूट यांपैकीं जें जमेल तें जोडावें. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधीं डॉक्टरांस विचारावें. उतारवयांत तहानही मंदावते. म्हणून उन्हाळ्यांत मागण्याची वाट न पाहतां पाणी द्यावें. रोज थोडें चालवावें, कारण न वापरलेला स्नायू लवकर झिजतो.

उपदेशक बंधूंनीं घरभेटीस गेल्यावर आजीच्या वाटींत काय आहे, हेंही पाहावें. पुष्कळ घरीं सर्वांच्या शेवटीं जेवणारी तीच असते, आणि तोंवर वरणाचें पातेलें रिकामें झालेलें असतें. आज रात्रीं तिचें ताट आधीं वाढा.