बंदुकीचा वारसा आणि दारूगोळ्याचा कायदा

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील डोंगराळ तालुके होत. सावित्रीच्या खोऱ्यातील भातशेतीला आणि वरकस जमिनीवरील नाचणी-वरीला रानडुकरांचा उपद्रव जुनाच आहे. पिकाच्या राखणीसाठी काही शेतकरी परवान्याने ठासणीची बंदूक बाळगतात. घरची तरुण मंडळी बहुधा नोकरीनिमित्त मुंबईस असतात. अशा घरातील वृद्ध परवानाधारकाचे निधन झाले, म्हणजे बंदूक खुंटीला आणि उरलेली दारू, छरे वा काडतुसे माळ्यावर तशीच राहतात. जमीन, गुरे, भांडीकुंडी वारसांकडे आली, त्याच न्यायाने बंदूकही आली, असा समज असतो. तो चुकीचा आहे आणि निरपराध कुटुंबास गुन्ह्याच्या कक्षेत नेणारा आहे.

कायदा केंद्राचा, अंमल जिल्ह्याचा

शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय संविधानाच्या संघ सूचीत आहे. त्यामुळे या बाबतीत राज्याचा वेगळा कायदा नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. अंमलबजावणी मात्र जिल्हा दंडाधिकारी व पोलीस यांच्यामार्फत होते. ठासणीच्या बंदुकीच्या परवान्यासाठी पिकाचे संरक्षण हे कारण अधिनियमानेच मान्य केले आहे. तथापि, हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्य प्राण्यांच्या बाबतीत १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम स्वतंत्रपणे लागू होतो.

विक्री आणि हस्तांतरण

बंदुकीप्रमाणेच दारूगोळा जवळ बाळगण्यासही परवाना लागतो. एका वेळी किती दारूगोळा जवळ ठेवावा आणि वर्षभरात किती खरेदी करावा, याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. परवानाधारक विक्रेत्याने विकलेल्या मालाचा प्रकार, संख्या व तारीख यांची नोंद ग्राहकाच्या परवान्यावर करावयाची असते.

स्वतःच्या वापरासाठी घेतलेली बंदूक वा काडतुसे दुसऱ्यास द्यावयाची असल्यास दोन अटी आहेत. घेणाऱ्याकडे योग्य परवाना असला पाहिजे, आणि देणाऱ्याने त्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबले पाहिजे. शेजाऱ्यास उसनवारीने चार काडतुसे देणे हा शेजारधर्म वाटला, तरी कायद्याच्या दृष्टीने ते हस्तांतरणच होय. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शिक्षाही वाढल्या आहेत. परवान्याशिवाय बंदूक वा दारूगोळा बाळगल्यास २ ते ५ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

वारसांनी काय करावे

परवाना व्यक्तीच्या नावे असतो, घराच्या नावे नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर किंवा परवान्याची मुदत संपल्यावर बंदूक व दारूगोळा विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे. जमा केले म्हणजे गेले, ही भीती अनाठायी आहे. विहित मुदतीत परवाना मिळविल्यास वारसास ती वस्तू परत मिळते. अथवा परवाना असलेल्या व्यक्तीस ती विकता येते. मात्र मुदत उलटू दिल्यास ती सरकारजमा होऊ शकते.

२०१६ च्या नियमांत याहून सोयीचा मार्गही आहे. परवानाधारकाचे वय ७० वर्षे झाल्यावर किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो आपल्या हयातीतच कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसास मात्र रीतसर अर्ज व चौकशी यांतून जावे लागते, आणि त्याचे वय २१ वर्षे पूर्ण झालेले असावे लागते.

गावपातळीवरील कार्य

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. त्याच वेळी घरात परवान्याची बंदूक आहे काय, एवढी विचारपूस ग्रामसेवकाने वा पंचायत सदस्याने केली, तरी पुष्कळ काम होईल. गणपतीस किंवा शिमग्यास मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हा हा विषय ग्रामसभेत वा शाळेतील पालकसभेत मांडता येईल. माळ्यावरील डबा मुलांच्या हाती लागण्याआधी पोलीस ठाण्यात पोहोचावा आणि त्याची पोच घरातील कागदपत्रांत जपून ठेवली जावी, इतके साधले तरी कायद्याचा हेतू सफल होईल.