बेसिल दाराबाहेर पडला की चित्र का बदलतं?

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त. रात्रीची जेवणं आटोपली की जुन्या इंग्रजी मालिका लावतो. एक दिवस विनोदी, एक दिवस हेरगिरीची, म्हणजे भांडण नको. 'फॉल्टी टॉवर्स' बघताना एक गोष्ट खटकते. हॉटेलच्या आत असेपर्यंत चित्र स्वच्छ, गुळगुळीत, समोर नाटक चालल्यासारखं. हॉटेलमालक बेसिल दाराबाहेर पडला की एकदम दाणेदार, मळकट, जुन्या सिनेमासारखं. आत शिरला की पुन्हा पहिल्यासारखं! 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये मात्र आत-बाहेर सगळं सारखंच. यजमान म्हणतात, आपली कॉपी खराब आहे. आणखी एक : तो भर रस्त्यात मोटारीला फांदीने झोडपतो तेव्हा ती हसणारी माणसं उभी कुठे असतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यजमानांना सांगा, कॉपी उत्तम आहे. उलट हा फरक तुम्हाला इतका ठळक दिसतोय म्हणजे ती चांगलीच म्हणायला हवी. का, ते पुढे येईल.

तुम्ही बघता ते हॉटेल तीन ठिकाणी आहे. गोष्टीत ते टॉर्की या समुद्रकाठच्या गावी आहे. बाहेरून दिसणारी इमारत बकिंगहॅमशायरमधल्या एका कंट्री क्लबची. आणि आतला स्वागतकक्ष, जेवणघर, जिना हे सगळं पश्चिम लंडनमधल्या बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये उभारलेलं नेपथ्य. आतलं चित्रण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी व्हिडिओ टेपवर झालं, बाहेरचं फिल्मवर. तुम्हाला दिसतो तो या दोन माध्यमांमधला सांधा.

स्टुडिओतले ते कॅमेरे चाकांच्या जड स्टँडवर बसवलेले असत, मागे जाडजूड केबलचं शेपूट. त्यांना स्टुडिओबाहेर काढायचं तर ट्रकभर यंत्रणा सोबत न्यावी लागे. क्रिकेटच्या सामन्यासाठी किंवा घोड्यांच्या शर्यतीसाठी ती नेत. बेसिलला दोन मिनिटं अंगणात उभं करायला कोण नेणार? त्यापेक्षा 16 मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा खांद्यावर टाकून एक छोटी तुकडी निघाली की काम होई. म्हणून आत टेप आणि बाहेर फिल्म हा ब्रिटिश दूरचित्रवाणीचा शिरस्ताच पडून गेला. 1980च्या दशकात हाताळायला सोपे व्हिडिओ कॅमेरे आले आणि तो हळूहळू संपला.

डोळ्यांना फरक जाणवतो तो मुख्यतः गतीमुळे. इंग्लंडात टीव्हीसाठीची फिल्म सेकंदाला 25 चित्रं टिपायची. व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला 50 अर्धी चित्रं टिपतो : एकदा विषम रेषा, एकदा सम रेषा, आणि प्रत्येक अर्धं चित्र आधीच्याच्या नंतरच्या, निराळ्या क्षणाचं. म्हणजे हालचालीचे दुप्पट नमुने. त्यामुळे स्टुडिओत पळणारा वेटर मॅन्युएल लोण्यासारखा सरकतो आणि रस्त्यावरचा बेसिल किंचित अडखळत चालल्यासारखा वाटतो. हा 50चा आकडा तिथल्या घरगुती विजेच्या 50 हर्ट्झमधून आला. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिकडे 60 अर्धी चित्रं. आपल्याकडची वीजही 50ची आणि आपल्या दूरदर्शननेही 625 रेषांचीच पद्धत घेतली होती.

गतीखालोखाल प्रकाश. स्टुडिओत एका वेळी तीन-चार कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून बघत असतात. एकासाठी सुंदर सावली पाडावी तर ती दुसऱ्याच्या चित्रात नटाच्या नाकावर येते. मग सगळीकडे सारखा लख्ख उजेड सोडून मोकळं व्हायचं. फिल्मचा कॅमेरा एकच. प्रत्येक शॉटला दिवे नव्याने लावता येतात आणि अंधारही ठेवता येतो.

ही विजोड जोडी त्या काळी इतकी अंगवळणी पडली होती की प्रेक्षक ती बघूनही बघत नसत. तिची जाहीर थट्टा 'मॉन्टी पायथन'वाल्यांनी 1970मध्ये केली. एका प्रहसनात सभा चालू असते. अध्यक्ष दार उघडून बाहेर पाऊल टाकतात आणि दचकतात, कारण आपण फिल्मवर आहोत असं त्यांच्या लक्षात येतं. घाबरून आत येतात, दुसऱ्या दारातून बघतात, तिथेही फिल्म. सगळ्या बाजूंनी फिल्मने वेढलेली ती सभा सुटकेचे बेत करू लागते. बेसिल झालेला जॉन क्लीज त्याच मंडळीतला; पाच वर्षांनी त्याने कॉनी बूथबरोबर 'फॉल्टी टॉवर्स' लिहिली, तीही याच शिरस्त्याने रंगली.

आता हसणाऱ्या माणसांकडे वळू. ती रस्त्यावर नव्हती, टेलिव्हिजन सेंटरमध्ये खुर्च्यांवर बसली होती. बाहेरचे तुकडे आधीच चित्रित करून, कापून-जोडून तयार ठेवत. मग आठवडाभर तालीम, आणि एका संध्याकाळी निमंत्रित प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग. प्रसंग क्रमाने होत जात. बाहेरच्या दृश्याची वेळ आली की स्टुडिओत टांगलेल्या पडद्यांवर तो तुकडा दाखवत आणि वर लावलेले माइक लोकांचं हसू टिपत. म्हणजे तुम्ही ऐकता ते हसू खरंच आहे, फक्त मोटार झोडपली जात असताना ते तिथे नव्हतं. ('गूर्मे नाइट' या 1975च्या भागातला तो प्रसंग. लाल ऑस्टिन 1100, आणि तिला आधी दिलेली शेवटची ताकीद. दोन हंगामांचे मिळून बाराच भाग आहेत, तेव्हा जपून वापरा.)

अमेरिकेत गाडी दुसऱ्या रुळावरून गेली, आणि तिच्या मुळाशी एक विनोदी मालिका आहे. 1951मध्ये 'आय लव्ह लूसी' सुरू व्हायची होती तेव्हा मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. पश्चिम किनाऱ्यासाठी टीव्हीच्या पडद्याचीच फिल्म काढत, ती अंधूक दिसे. लूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. मग त्यांनी थेट 35 मिलिमीटर फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर चित्रण करायचं ठरवलं. प्रकाशाचा घोळ सोडवायला आणला कोणाला, तर जर्मनीत फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'चं छायाचित्रण केलेल्या कार्ल फ्रॉइंडला! फिल्म होती, हक्क त्यांच्याकडे होते, म्हणून पुनःप्रक्षेपणाचा धंदा उभा राहिला. त्यांची कंपनी देसीलू. पुढे कंपनीची सूत्रं एकट्या लूसिलकडे आली आणि तिच्याच कारकिर्दीत 1966मध्ये याच देसीलूने 'मिशन : इम्पॉसिबल' काढली. तुमच्या घरातला एक दिवस विनोद, एक दिवस हेर हा तह तिने एकाच कंपनीत आधीच केलेला होता, म्हणायचा.

पण फिल्मवर एका कॅमेऱ्याने चित्रण करायचं तर प्रेक्षक बसवता येत नाहीत. एकेक शॉट लावायला वेळ जातो, लोक कंटाळून जातील. 'गेट स्मार्ट' ही 1965ची मालिका बघा. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री यांची निर्मिती, हेरपटांची टिंगल, बुटातला टेलिफोन. तिच्यातलं हसू भरलेलं आहे. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने 1950च्या दशकात एक यंत्र बनवलं. त्यात तऱ्हेतऱ्हेच्या हसण्याच्या टेप असत आणि कळा दाबून खुदुखुदूपासून गडगडाटापर्यंत पाहिजे ते हसू काढता येई. हॉलीवूडच्या कित्येक मालिका त्या यंत्रावर हसल्या. 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या फौजी इस्पितळाची मालिका अमेरिकेत या हसण्यासकट दाखवत, पण बीबीसीने ते काढून टाकून दाखवली. शक्य असेल तर ती तशीच बघा. माझ्या मते त्या यंत्राने 'गेट स्मार्ट'चं फार बिघडवलं नाही, कारण ती मुळातच व्यंगचित्रासारखी आहे. 'मॅश'चं मात्र बिघडवलं.

खऱ्या प्रेक्षकांचा उपयोग हसू मिळवण्यापुरता नसतो. नटाला ते घड्याळ देतात. 'येस मिनिस्टर'मध्ये सचिव सर हम्फ्रीचं एखादं अर्ध्या पानाचं वाक्य नायजेल हॉथॉर्न सलग, न चुकता म्हणून दाखवतो, आणि त्या शेवटाला लोक जे फुटतात त्यासाठी मंत्री झालेल्या पॉल एडिंग्टनला चेहरा किती वेळ धरून ठेवायचा हे समोर बसलेल्या माणसांनीच ठरवलेलं असतं. ते संकलकाच्या टेबलावर बनत नाही. (याच मालिकेची हिंदी आवृत्ती, 2001मधली 'जी मंत्रीजी', आपल्यापैकी काहींना आठवत असेल. फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. वाईट नव्हती.)

'टिंकर टेलर'ला नेमकं याच्या उलट हवं होतं. 1979मध्ये बीबीसीने ती पूर्ण फिल्मवर केली, सात भाग, दिग्दर्शक जॉन अर्विन. पहिलाच प्रसंग आठवा : बैठकीच्या खोलीत चार अधिकारी एकेक करून येतात. कोणी कागद लावतो, कोणी सिगारेट पेटवतो, बिल हेडन चहाच्या कपावर बशी झाकून आणतो. कोणी जवळजवळ बोलतच नाही. यांच्यातला एक रशियाला विकला गेलेला आहे, हे आपल्याला पुढे कळायचंय. स्टुडिओत तीन कॅमेऱ्यांनी हे केलं असतं तर चौघंही सारखेच उजेडात बसले असते. इथे भिंतींचा पिवळट रंग, खिडकीतून येणारा मेलेला उजेड, आणि कॅमेरा कोणावर किती रेंगाळतो याचा हिशोब. स्मायली झालेला ॲलेक गिनेस चष्मा पुसत समोरच्याला बोलू देतो तेव्हा त्या शांततेला जो पोत आहे तो मला तरी टेपवर कल्पिता येत नाही.

म्हणून हेरगिरी फिल्मवरच करावी असा नियम मात्र काढू नका. 'द सँडबॅगर्स' मिळाली तर बघा. यॉर्कशायर टेलिव्हिजनची, 1978 ते 1980, वीस भाग. बरीचशी स्टुडिओत, टेपवर, रस्त्यावरचं तेवढं फिल्मवर. तुम्हाला खटकणारा सांधा इथे जागोजागी आहे. नील बर्नसाइड हा गुप्तचर खात्याचा कार्यवाही प्रमुख. त्याची लढाई मॉस्कोपेक्षा लंडनच्या कचेऱ्यांत जास्त : मंजुरी कोण देणार, पैसा कोणाच्या खात्यातून, माणूस मेला तर फाइलवर सही कोणाची. पहिल्या भागात नेपथ्य स्वस्त वाटतं. चौथ्या भागापर्यंत त्याच भगभगीत उजेडाची भीती वाटू लागते, कारण इथे लपायला सावलीच नाही. तिचा लेखक इयन मॅकिंटॉश हा माजी नौदल अधिकारी. तो जुलै 1979मध्ये अलास्काच्या बाजूला छोट्या विमानातून जात असताना बेपत्ता झाला आणि सापडलाच नाही. मालिका नंतर फार चालली नाही.

शेवटी तुमच्या टीव्हीविषयी. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, कंपन्या तिला निरनिराळ्या नावांनी विकतात. ती चालू असली की टीव्ही फिल्मच्या चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच बनवून घालतो आणि स्मायली थेट स्टुडिओत बसल्यासारखा दिसायला लागतो. ती बंद करा. उलट काही ठिकाणी जुनी टेप इंटरनेटवर चढवताना 50 अर्ध्या चित्रांची 25 पूर्ण चित्रं करून टाकतात. मग बेसिलचा आतला वेगही बाहेरच्यासारखा होतो आणि फरक पुसट होतो. तुमच्या कॉपीत तो शाबूत आहे, म्हणून वर चांगली म्हटलं.

प्रश्न : जुन्या मालिकांचे काही भाग 'उपलब्ध नाहीत' असं सांगतात. एवढ्या मोठ्या संस्थांनी ते हरवले कसे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हरवले नाहीत, पुसले. दोन इंच रुंदीची ती व्हिडिओ टेप फार महाग होती आणि पुन्हा वापरता येई. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम मनाला येईल तितक्या वेळा दाखवता येत नसत, घरी बघायला कॅसेट निघतील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग कपाट अडवून ठेवण्यापेक्षा त्यावर दुसरं काही रेकॉर्ड केलेलं बरं, असा साधा कारकुनी विचार. 'द अव्हेंजर्स' या ब्रिटिश हेरमालिकेच्या 1961च्या पहिल्या हंगामातल्या 26 भागांपैकी पूर्ण असे तीनच उरलेत. तीच मालिका 1965पासून अमेरिकेला विकण्यासाठी फिल्मवर गेली आणि तिथून पुढचं सगळं जिवंत आहे. 'द प्रिझनर'चे 1967-68चे सतराही भाग 35 मिलिमीटरवर होते, म्हणून आज नव्याने स्कॅन करून लखलखीत मिळतात. टेपवरची 'फॉल्टी टॉवर्स' त्या 625 रेषांच्या पलीकडे कधीच जाणार नाही.

'डॅड्ज आर्मी'च्या 80 भागांपैकी 1969च्या हंगामातले तीन अजून नाहीत. पूर्वी पाच नव्हते. दोन 2001मध्ये मिळाले, तेही कोणीतरी कचऱ्यात टाकलेले फिल्मचे डबे उचलून घरी ठेवले होते म्हणून. उरलेल्या तिन्हींच्या संहिता शिल्लक आहेत आणि त्यांची रेडिओ रूपांतरंही आहेत. 2019मध्ये नवे नट घेऊन ते तिन्ही भाग पुन्हा उभेही केले. मी आधी रेडिओवरचे ऐकेन. त्यात आवाज तरी मूळच्याच मंडळींचे आहेत.